बॉल पायथन कोणाकडून घ्यावा?

वाचकांचे प्रश्न : घरातील प्राणी

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही इंदुरात रामबागेजवळ राहतो. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते आणि बरेच दिवस तिचा बॉल पायथन पाळण्याचा आग्रह चालू आहे. तिने पुष्कळ वाचन केले आहे, काचपेटी कोणत्या खोलीत ठेवायची तेही ठरवून टाकले आहे आणि घरातल्या बहुतेकांची मने वळवली आहेत. सासूबाई तेवढ्या अजून राजी नाहीत. आता प्रश्न आहे तो साप घ्यायचा कोणाकडून, हा. शहरातील एक दुकानदार मागणीप्रमाणे पिल्लू आणून देतो, पण पावती देत नाही आणि ‘याला कागद-बिगद काही लागत नाहीत’ असे सांगतो. बंगळुरूचा एक पैदासकार फोटो आणि व्हिडिओ पाठवतो, कागद देतो म्हणतो आणि साप पार्सलने पाठवण्याची तयारी दाखवतो. तिसरा मुलीच्या ओळखीतला एक तरुण आहे. तो नोकरीनिमित्त परदेशी निघाला असून आपला चार वर्षांचा साप पेटीसकट चांगल्या घरी द्यावा, अशी त्याची इच्छा आहे. निरोगी साप मिळावा या दृष्टीने यांतला कोणता मार्ग बरा? आणि आमच्यासारख्या नवख्यांनी सापाची तब्येत ओळखायची तरी कशी?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : दुकानदाराचे नाव आजच यादीतून काढून टाकावे. कागद लागत नाहीत हे त्याचे म्हणणे सरळसरळ चुकीचे आहे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप असून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि या करारातील प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम निघाले. त्यांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत परिवेश या सरकारी पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे, म्हणजे आपल्या बाबतीत भोपाळला, नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. प्राणी एका हातातून दुसऱ्या हाती गेला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी ते कळवणे बंधनकारक आहे. याखेरीज, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 पासून वेगळे नियम असून दुकानाची नोंदणी राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे असावी लागते. जो दुकानदार पावतीसुद्धा देत नाही, त्याच्याकडे यांपैकी काही असेल असे मानायला जागा नाही.

कायद्याचा भाग एवढा विस्ताराने सांगण्याचे कारण केवळ दंडाची भीती हे नाही. कागद नसणे याचा अर्थ त्या सापाचा मागचा प्रवास कोणालाच ठाऊक नसणे. आफ्रिकेतील टोगो, बेनिन, घाना या देशांतून बॉल पायथन मोठ्या संख्येने बाहेर जातात. त्यांत बंदिस्त पैदाशीतले असतात, तसेच रानातून धरलेले किंवा रानातल्या गाभण मादीने पकडल्यानंतर घातलेल्या अंड्यांतून निघालेलेही असतात. रानातून आलेल्या सापाच्या खवल्यांखाली गोचीड असतात, पोटात जंत असतात, आणि तो महिनोन्महिने अन्नाला तोंड लावत नाही. त्यात चोरट्या मार्गाने आलेली पिल्ले कापडी पिशव्यांत कोंबून सामानातून आणलेली असतात. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांमध्ये विमानतळावर असे साप सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा प्रवासातून जगलेले पिल्लू विक्रीच्या दिवशी टवटवीत दिसू शकते आणि सहा आठवड्यांनी दगावू शकते.

आणखी एक धोका आहे, तो नवख्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. ‘इम्पोर्टेड पायथन’ म्हणून आपल्याच अजगराचे पिल्लू गळ्यात मारले जाण्याची शक्यता असते. भारतीय अजगर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून तो घरात ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. दोहोंत फरक करणे अवघड नाही. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते, अंग लांबट असते आणि पाठीवर कडा गडद असलेले मोठे तपकिरी ठिपके असतात. बॉल पायथन आखूड आणि जाडसर, मान बारीक, मूळ रंग गडद तपकिरी किंवा काळपट, त्यावर फिकट बदामी डाग, आणि पुष्कळदा त्या डागांत दोन काळे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात. शंका आली तर पिल्लाचा फोटो सर्पमित्राला दाखवावा. पैसे मात्र त्यानंतरच द्यावेत.

आता निरोगी साप ओळखण्याविषयी. सापाचा आजार उशिरा दिसतो, ही यातली खरी अडचण आहे. कुत्रे आजारी पडले की दुसऱ्या दिवशी घरात कळते. साप मुळातच कमी हालतो, आठ-पंधरा दिवसांतून एकदा खातो आणि उपाशीपोटीही आठवडेच्या आठवडे तसाच दिसतो. अजगरांमध्ये आणि बोआ या अजगरासारख्याच बिनविषारी सापांमध्ये विषाणूंमुळे होणारे काही आजार असे आहेत की लक्षणे दिसायला कित्येक महिने लागतात आणि त्यांवर खात्रीचा इलाज नाही. म्हणून हातात घेतलेला साप पारखावाच, परंतु त्याआधी तो जिथे वाढला ती खोली आणि ज्याने वाढवला तो माणूस पारखावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. शंभर पेट्यांतला एक साप तुम्हाला दाखवला जातो. उरलेल्या नव्याण्णव पेट्यांची स्थिती तुमच्या सापाचे भविष्य सांगते.

बंगळुरूच्या पैदासकाराबाबत म्हणूनच माझे उत्तर ‘हो, पण पार्सलने नको’ असे आहे. तो खरोखर चांगला असेल तर तुमच्या लेकीला भेटीला बोलावण्यात त्याला अडचण वाटणार नाही. तिथे गेल्यावर पहिली पारख नाकाने करावी. नीट ठेवलेल्या सापांच्या खोलीत सडका, अमोनियाचा वास येत नाही. पाण्याची भांडी बघावीत. त्यांच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे कण पडलेले असतील तर तिथे माइट आहेत. हे बारीक किडे सापाचे रक्त पितात आणि एका पेटीतून दुसरीत पसरतात. पेट्यांना उष्णता कशी दिली आहे आणि थर्मोस्टॅट आहे का, हेही विचारावे, कारण थर्मोस्टॅटविना लावलेल्या हीटरने सापाचे पोट भाजते आणि भाजल्याचे डाग पुढे अनेक कातींपर्यंत राहतात. नव्याने आलेला साप जुन्या सापांपासून वेगळा ठेवतात का, आणि किती दिवस, हा प्रश्न अवश्य विचारावा. दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, असे उत्तर आले तर माणूस जाणकार आहे असे समजावे.

मग कागद. आईबापांच्या नोंदणीची प्रत, पिल्लांच्या जन्माची वनविभागाला दिलेली नोंद, आणि मूळ जोडी बाहेरून आणलेली असल्यास विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना व निर्यातदार देशाचा साइट्स परवाना, एवढे त्याच्याकडे मागावे. कागद ‘नंतर पाठवतो’ हे उत्तर चालणार नाही, कारण तुमची तीस दिवसांची मुदत साप घरात आल्यापासून मोजली जाते. त्यानंतर खाण्याची वही मागावी. पिल्लू अंड्यातून कधी निघाले, पहिली कात कधी टाकली, आजवर किती वेळा आणि काय खाल्ले, कधी नाकारले, वजन किती होते, हे चांगला पैदासकार लिहून ठेवतो. निदान चार-पाच वेळा आपणहून खाल्लेले पिल्लूच घ्यावे. तोंडात अन्न सारून खाऊ घातलेले पिल्लू नको. शक्य असेल तर आपल्यासमोर खाऊ घालण्याची विनंती करावी, मात्र तसे केल्यास त्याच दिवशी त्याला हलवू नये, कारण पोटात अन्न असताना प्रवास झाला की साप ते ओकतो.

साप हातात द्यायला सांगावा आणि घाई करू नये. बॉल पायथन घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. हा त्याचा स्वभाव आहे, त्यावरून तो आजारी असल्याचेही ठरत नाही आणि निरोगी असल्याचेही. दोन्ही तळव्यांवर तो मोकळा सोडला की थोड्या वेळाने अंग सैल करतो, जीभ लवलवू लागते आणि बोटांभोवती पकड घेतो. ही पकड जाणवली पाहिजे. अंग दोरीसारखे लोंबत असेल, पाठीचा कणा वर आल्याने पाठ घराच्या छपरासारखी उतरती झाली असेल, किंवा कण्यावर गाठी व वाक हाताला लागत असतील, तर साप परत द्यावा. नाकपुड्या कोरड्या हव्यात. कानाशी धरून ऐकावे. श्वासाबरोबर घरघर किंवा टिकटिक येत असेल, तोंडाच्या कडेला बुडबुडे असतील, किंवा साप तोंड उघडे ठेवून मान वर ताणून बसत असेल, तर तो श्वसनाच्या आजाराचा पुरावा आहे. तोंड उघडून दाखवायचे काम विक्रेत्यालाच करू द्यावे: आतून फिकट गुलाबी आणि स्वच्छ हवे, हिरड्यांवर पिवळट घट्ट थर नको. डोळे स्वच्छ असावेत. कात टाकण्याच्या आधी दोन्ही डोळे निळसर दुधाळ होतात, ती गोष्ट वेगळी, परंतु एकाच डोळ्यावर जुन्या कातीची सुरकुतलेली चकती अडकलेली दिसली तर आर्द्रतेकडे दुर्लक्ष झाले आहे. पोटाच्या खवल्यांवर तपकिरी फोड नकोत आणि शेपटीच्या बुडाशी असलेले मलद्वार कोरडे व स्वच्छ हवे.

शेवटी पांढऱ्या टिशू पेपरचा एक तुकडा ओला करून सापाच्या हनुवटीखालून शेपटीपर्यंत हलक्या हाताने फिरवावा. कागदावर काळे ठिपके आले आणि त्यांतला एखादा चालू लागला, किंवा बोटाने चिरडल्यावर लाल रेघ उमटली, तर कितीही देखणा साप असला तरी नमस्कार करून निघावे. सोबत आलेल्या पोरांचा त्यावर जीव जडलेला असतो, म्हणून मोठ्या माणसाने बरोबर जावे हे बरे.

देखणेपणावरून आठवले. पैदासकार निरनिराळ्या रंगांचे बॉल पायथन दाखवतील आणि त्यांच्या किमतीही रंगांप्रमाणे चढतील. त्यांतला ‘स्पायडर’ या नावाचा प्रकार घेऊ नये. ज्या जनुकामुळे त्याच्या अंगावर जाळीदार नक्षी येते, त्याच जनुकामुळे त्याचा तोल बिघडतो. डोके डोलते, फिरते, काहींना उंदरावर झेपही नीट घेता येत नाही. हा दोष जन्माचा आहे, औषधाने जात नाही. ‘लहान आहे, मोठा झाला की जाईल’ असे कोणी म्हणाले तर त्या विक्रेत्याकडून दुसरा कोणताही साप घेऊ नये.

तिसरा मार्ग मला सर्वांत बरा वाटतो. चार वर्षांचा साप म्हणजे ज्याचे पिल्लूपणाचे नाजूक दिवस उलटले आहेत, जो एका घरात टिकला आहे, खातो आहे, आणि ज्याचा स्वभाव कळलेला आहे. तुमच्याच शहरात असल्यामुळे मुलीला तो आठवडाभर येऊन-जाऊन पाहता येईल, दोनदा खाताना बघता येईल, आणि इंदूरच्या हवेत तो माणूस पेटीचे तापमान कसे सांभाळतो हेही शिकता येईल. शिवाय बॉल पायथनच्या खाण्याची एक खोड आहे. थंडीत आणि विणीच्या काळात तो कित्येक आठवडे, कधी काही महिने उपवास करतो आणि नवे मालक हवालदिल होतात. जुन्या मालकाकडून ‘हा दर डिसेंबरात थांबतो आणि फेब्रुवारीत पुन्हा खातो’ एवढे जरी कळले, तरी पुढची बरीच धावपळ वाचते.

मात्र ओळखीचा आहे म्हणून तपासणीत सूट देऊ नये. त्याने 2024 च्या नियमांनुसार आपल्या नावाने नोंदणी केली आहे का, हे आधी पाहावे. केली असेल तर हस्तांतर कळवून तुमच्या मुलीच्या नावाने अर्ज करावा. केलेली नसेल तर ‘परदेशी गेल्यावर करतो’ यावर विसंबू नये. तो इथे असतानाच वनविभागाशी बोलून त्याने ते काम पुरे करावे आणि मगच साप तुमच्या घरी यावा. चार वर्षांत त्याने दुसरे साप किंवा बोआ आणले होते का, त्यांतले कोणी दगावले का, हे स्पष्ट विचारावे. एकाच खोलीतला दुसरा साप अज्ञात कारणाने मेला असेल, तर सुदृढ दिसणारा हा सापही आजार बाळगून असू शकतो.

कोणाकडूनही घ्या, पेटी आधी तयार करून चार-पाच दिवस चालवून पाहावी. एका टोकाला 31 ते 33 अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला 25 ते 27, आणि आर्द्रता साधारण 55 ते 70 टक्के, असा बेत असतो. आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री पारा दहाच्या खाली येतो आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, त्यामुळे इंदुरात दोन्ही ऋतूंत पेटीकडे लक्ष द्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत सापाला लांबचा प्रवास घडवू नये. घरी आल्यावर आठवडाभर त्याला हातात न घेता शांत राहू द्यावे, त्यानंतर खायला द्यावे, आणि पहिल्या पंधरवड्यात विष्ठेचा ताजा नमुना पशुवैद्याकडून तपासून घ्यावा. सरपटणारे प्राणी हाताळणारे डॉक्टर सर्वत्र नसतात. जवळच्या महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी केल्यास योग्य माणसाचा पत्ता लागू शकेल. ही चौकशी साप आणण्यापूर्वीच करून ठेवावी.

सासूबाईंच्या नाराजीविषयी आपण विचारले नाही, तरी दोन शब्द लिहितो. निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत न घासणे हे नियम घरातल्या वृद्धांसाठी कडक पाळावेत. शिवाय बॉल पायथन सहज वीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 1961 साली आलेल्या मादीने 2020 मध्ये अंडी घातली होती. मुलगी उद्या शिक्षणाला किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तर उंदीर खाऊ घालण्याचे काम कोणाकडे येणार, याचा निर्णय सासूबाईंना समोर बसवूनच घ्यावा.

प्रश्न : दुकानातून घेतलेल्या कॉर्न स्नेकला दोन महिने झाले. तो खातो, पण तीन-चार दिवसांनी ओकतो, आणि पोटाच्या मध्यभागी फुगवटा दिसतो. दुकानदार ‘बदलून दुसरा देतो’ म्हणतो. घ्यावा का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : घेऊ नये. पुन्हा पुन्हा ओकणे आणि अंगाच्या मध्यावर फुगवटा ही क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीची लक्षणे असू शकतात. तो जठराच्या भिंतीत राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. दुकानात हा रोग असेल तर बदलून मिळालेला साप त्याच शेल्फवरून येणार. आधी आपल्या सापाची विष्ठा आणि ओकलेले अन्न तपासून घ्यावे. अहवाल येईपर्यंत त्याची पेटी, चिमटा, पाण्याचे भांडे दुसऱ्या कोणत्याही सापासाठी वापरू नये. रोग निश्चित झाल्यास अहवालाची प्रत दाखवून दुकानदाराकडे पैसे मागावेत. कॉर्न स्नेक साइट्सच्या परिशिष्टांत नसल्यामुळे त्याला वर सांगितलेली नोंदणी लागत नाही. पावती मात्र त्यालाही लागते, ती आपल्याकडे आहे ना, हे पाहावे.

प्रश्न : आमच्या शेतावर येणारा एक माणूस मांडूळ विकत देतो म्हणतो. बिनविषारी आणि गरीब स्वभावाचा असल्यामुळे घरी पाळायला तोच सोपा, असे त्याचे म्हणणे आहे.
— एक वाचक, देवास

उत्तर : मांडूळ स्वभावाने गरीब आहे हे खरे. परंतु तो भारतीय वन्य साप असून त्याला पकडणे, विकणे आणि पाळणे, तिन्ही कायद्याने गुन्हे आहेत. धामण, दिवड, कवड्या किंवा अंगणात सापडलेले कोणतेही पिल्लू यांनाही तेच लागू आहे. गुप्तधनाच्या भाकडकथांमुळे मांडुळांचा चोरटा व्यापार चालतो आणि त्यात पकडलेल्या प्राण्यांचे फार हाल होतात. त्या माणसाकडे साप प्रत्यक्ष असेल तर विकत घेऊन ‘सोडवण्याचा’ मोह टाळावा, कारण त्या पैशाने तो दुसरा पकडेल. देवासच्या वनविभागाला कळवावे.